ती 'दुखतंय' म्हणते तेव्हा

पालकहो, आज जरा नाजूक समजल्या जाणाऱ्या विषयावर बोलायचं आहे, आणि आडपडदा न ठेवता बोलायचं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. हजेरी घेताना एक गोष्ट हमखास लक्षात येते. काही मुली दर महिन्याला, साधारण त्याच सुमारास, एक-दोन दिवस गैरहजर असतात. परत येताना चिठ्ठी आणतात: 'पोटात दुखत होतं.' खाली आईची सही. पुढे पालकसभेला त्या आईला बाजूला घेऊन विचारलं, की ती आवाज खाली आणून सांगते, "बाई, पाळीत तिचं फारच दुखतं. पण करणार काय? मलाही असंच व्हायचं. माझ्या आईलाही. आमच्यात आहेच ते."

हे ती मायेनंच म्हणते. आपण सोसलं, तर लेकही सोसेल, असा धीर तिला द्यायचा असतो. पण हेच वाक्य एखाद्या जाणत्या डॉक्टरने ऐकलं, तर तो खुर्ची पुढे ओढून आणखी प्रश्न विचारील. कारण एंडोमेट्रिओसिस नावाचा एक आजार घराण्यात चालत येतो. आईला किंवा सख्ख्या बहिणीला तो असेल, तर मुलीला होण्याची शक्यता इतर मुलींपेक्षा कितीतरी जास्त असते. 'आमच्यात आहेच ते' असं म्हणून आपण जिथं विषय मिटवतो, तिथून खरं तर चौकशी सुरू व्हायला हवी. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

आधी साध्या दुखण्याचं बोलू, कारण पाळीतलं सगळंच दुखणं आजाराचं नसतं आणि मुलीला उगाच घाबरवायचंही नाही. पाळीत गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटून बाहेर पडतं. त्या वेळी तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात. ते फार जोरात आवळले की स्नायूंना रक्त कमी पडतं आणि कळ येते. हीच रसायनं आतड्यांवरही काम करतात, म्हणून काही मुलींना त्या दिवसांत जुलाब होतात किंवा मळमळतं. पाळी नुकतीच सुरू झालेली असते तेव्हा दर महिन्याला स्त्रीबीज सुटतंच असं नाही, त्यामुळे पहिले काही महिने बऱ्याच जणींना फारसा त्रास होत नाही. बीज नियमित सुटू लागलं की कळा सुरू होतात. मग आई म्हणते, "वर्षभर तर काही नव्हतं, आता कुठून नाटकं आली?" ती नाटकं नसतात. शरीर ठरल्या क्रमाने चाललेलं असतं.

असं दुखणं पाळीच्या आगेमागे येतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट शेकलं, थोडं चाललं-फिरलं, गरज पडली तर डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घेतली, की मुलगी उठून शाळेत जाते. ओव्याचं पाणी प्यायल्याने बरं वाटत असेल तर तेही जरूर द्यावं.

पण काही मुलींचं दुखणं या चौकटीत बसत नाही. गोळी घेऊनही ती अंथरुणातून उठू शकत नाही. उलट्या होतात, घेरी येते. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना किंवा लघवी करताना कळ येते. पाळी संपून आठवडा झाला तरी ओटीपोटात आणि कंबरेत ठणकत राहतं, मांड्या भरून येतात. दर काही महिन्यांनी दुखण्याचा एखादा दिवस वाढत जातो. ती खो-खोच्या संघातून नाव काढून घेते, सहलीला नको म्हणते, आणि परीक्षेचं वेळापत्रक हातात आलं की विषयांआधी तारखा मोजते. यातलं काही तुमच्या घरात घडत असेल, तर 'वयात आल्यावर होतंच' हे उत्तर पुरेसं नाही. आणखी एक क्वचित घडणारी, पण माहीत असावी अशी गोष्ट: मुलगी पंधराची झाली, पाळी अजून आलेली नाही, पण दर महिन्याला पोटात दुखतं, अशा वेळी रक्त बाहेर यायची वाटच बंद असू शकते. तिथे अजिबात थांबू नये.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे काय? गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तशाच प्रकारच्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. त्या बीजांडांवर, बीजनलिकांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावरही आढळतात. महिन्याच्या संप्रेरकांच्या चढउताराला त्याही प्रतिसाद देतात. गर्भाशयातलं रक्त योनीवाटे बाहेर पडतं. या पेशींच्या रक्ताला मात्र बाहेर पडायला वाट नसते. मग तिथे दाह होतो, चट्टे पडतात, जवळजवळचे अवयव एकमेकांना चिकटतात, बीजांडात जुन्या रक्ताच्या गाठी होतात. त्या गडद तपकिरी रक्तामुळे डॉक्टर त्यांना चॉकलेट सिस्ट म्हणतात. पुढे काही जणींना मूल राहायला अडचण येते. सगळ्याच जणींना येते असं मुळीच नाही, आणि हे मुलीसमोर बोलताना भान ठेवायला हवं.

हे का होतं याचं पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातले डॉ. जॉन सॅम्पसन यांनी 1927 साली मांडलं, की पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांवाटे उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होतो असं पुढे दिसून आलं. तरी आजार मात्र थोड्याच जणींना होतो. म्हणजे आनुवंशिकता आणि प्रतिकारशक्ती यांचाही त्यात वाटा असणार. मुलीने काय खाल्लं, डोक्यावरून थंड पाणी घेतलं का, पाळीत केस धुतले का, याचा या आजाराशी काही संबंध नाही. योगायोग असा, की त्याच 1927 साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 साली त्यांचं निधन होईपर्यंत ते चालवलं. शरीराबद्दल मराठीत स्पष्ट बोलणारा माणूस आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होता. त्यासाठी त्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्याच्या भाषेत आपण आजही आपल्या मुलीशी बोलताना अडखळतो, याचं मला वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगातल्या जननक्षम वयाच्या मुली आणि स्त्रियांपैकी सुमारे 10 टक्के, म्हणजे जवळजवळ 19 कोटी जणींना हा आजार आहे. माझ्यासमोर 30 मुलींचा वर्ग बसलेला असतो, तेव्हा हा आकडा मला कागदावरचा वाटत नाही. आणि तीच संघटना सांगते, की त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेक ठिकाणी 4 ते 12 वर्षं जातात. म्हणजे आठवीत पोट धरून बसलेल्या मुलीला नाव कळतं ते पदवी झाल्यावर, नोकरीत, किंवा लग्नानंतर मूल राहत नाही म्हणून तपासण्या होतात तेव्हा.

एवढी वर्षं जातात कुठे? सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मोकळं होता येणार नाही. पहिली काही वर्षं घरातच जातात. मुलगी बोलत नाही, कारण बोलल्यावर काय ऐकायला मिळतं ते तिला माहीत असतं. मग ती बोलते, तर आई म्हणते, "सोसायची सवय कर, पुढे बाळंतपणं करायची आहेत." मग कधीतरी घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं जातं, ते गोळी देतात आणि म्हणतात, "लग्न झालं की आपोआप थांबेल." हे आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटलं जातं, की मुलीलाही ते खरं वाटतं. लग्न हा औषधोपचार नाही. गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून काही जणींना तेवढ्या काळापुरतं बरं वाटतं. मूल झाल्याने हा आजार बरा होत नाही. एखाद्या मुलीचं शिक्षण अर्धवट सोडवून, दुखणं थांबावं या आशेने तिचं लग्न लवकर उरकणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

पुढची वर्षं सोनोग्राफीच्या एका कागदावर जातात. 'रिपोर्ट नॉर्मल' असं कळलं की घरात सुटकेचा निःश्वास सोडला जातो, आणि मुलगी एकटी पडते. आता तर पुरावाच आला, काही नाही म्हणून! पण पोटातल्या पडद्यावरचे बारीक चट्टे साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. दिसतात त्या मोठ्या गाठी. किशोरवयीन मुलींमध्ये तर हे चट्टे पुष्कळदा पारदर्शक किंवा लालसर असतात. पोटात दुर्बीण घालून पाहतानाही ते ओळखायला सरावलेली नजर लागते. शिवाय आजार किती पसरला आहे आणि दुखतं किती, याचा सरळ हिशेब नसतो. थोड्या चट्ट्यांनी एखादी कळवळते, आणि मोठी गाठ असलेल्या दुसरीला कळतही नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली लिहून ठेवलं आहे, की नेहमीच्या गोळ्या आणि संप्रेरकांचे उपचार देऊनही ज्या किशोरींचं दुखणं थांबत नाही, त्यांची दुर्बिणीने तपासणी केली तर किमान दोनतृतीयांश जणींना एंडोमेट्रिओसिस सापडतो. तेव्हा कागद नॉर्मल असेल आणि मुलगी अजूनही कण्हत असेल, तर मुलीवर विश्वास ठेवा. कागद चुकीचा नसतो, त्याला मर्यादा असतात.

आता उपचारांविषयी, कारण पालकांची खरी भीती इथे असते. वेदनाशामक गोळीबद्दल दोन टोकं मला दिसतात. काही घरांत गोळी म्हणजे पाप; 'सवय लागेल' म्हणून मुलीला तळमळू देतात आणि अगदीच राहवेना तेव्हा एक देतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात. ती वेळेवर, दुखणं सुरू होताहोता, काही खाऊन घेतली तरच चांगली लागू पडतात. अशा गोळ्यांचं व्यसन लागत नाही. दुसऱ्या टोकाला दुकानातून पाकीट आणून मुलीच्या दप्तरात टाकणारी घरं आहेत. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड हे औषध क्वचित कुणाला गंभीर ॲलर्जी करू शकतं, अशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगाने 2023 च्या अखेरीस दिली होती. गोळी घेतल्यावर काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी आल्या तर गोळी थांबवून तात्काळ डॉक्टरांकडे जावं. दमा, पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार असेल तर सुरुवातीलाच सांगावं. एवढी काळजी घेतली की पुरे. ती घेण्यासाठी डॉक्टरांना एकदा भेटायला मात्र हवं.

संप्रेरकांच्या गोळ्यांचं नाव काढलं की घर हादरतं. "अहो, कुमारिकेला गर्भनिरोधक गोळ्या? लोक काय म्हणतील? पुढे मूल झालं नाही तर?" मला या भीतीची चेष्टा करायची नाही, पण याच घरांत गौरी-गणपती आले, सत्यनारायण घातला, चुलतभावाचं लग्न निघालं, की पाळी पुढे ढकलायची गोळी औषधाच्या दुकानातून बिनचिठ्ठीची येते आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीलाही दिली जाते. ती गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनची असते. ते प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातलं संप्रेरकच आहे, आणि त्याच घराण्यातली औषधं डॉक्टर एंडोमेट्रिओसिससाठी वापरतात. सणासाठी जी गोळी न विचारता चालते, ती मुलीचं दुखणं थांबवण्यासाठी डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावर का चालू नये? या औषधांनी पुढे वंध्यत्व येत नाही. गोळी थांबवली की पाळीचं चक्र पुन्हा सुरू होतं. दुष्परिणाम असतात, काही औषधं दीर्घकाळ घ्यायची तर कोवळ्या वयात हाडांचा विचार करावा लागतो, म्हणूनच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यायची. आणि हो, सणासाठी पाळी ढकलण्याची ती सवय मोडता आली तर फार बरं. गौर मुलीच्या पाळीने रुसत नाही.

आणखी एक धास्ती आया कुजबुजत विचारतात: "आतून तपासतील का?" अविवाहित मुलींची तपासणी बहुधा पोटावरून होते, सोनोग्राफीही लघवी भरलेली असताना पोटावरूनच करता येते, गरज पडली तर एमआरआय करतात. मुलीच्या संमतीशिवाय आणि तिला नीट समजावल्याशिवाय काहीही होता कामा नये, हे तुम्ही डॉक्टरांना स्पष्ट सांगू शकता. दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागलीच करावी लागते असंही नाही. पूर्वी तिच्याशिवाय निदान पक्कं मानत नसत, आता लक्षणांवरून औषध सुरू करून फरक पाहण्याकडे कल आहे. शस्त्रक्रियेनंतरही आजार पुन्हा उद्भवू शकतो, त्यामुळे एकदाच काय तो निकाल लावून टाकू या, ही अपेक्षा ठेवू नये.

निकाल लावण्याची ही घाई आपल्या राज्यात बायकांच्या गर्भपिशवीवर बेतली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची 2019 साली पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात तिशीच्या आसपासच्या बायकाही होत्या. पाळीत रजा घेतली तर मुकादम खाडा लावतो, दुखलं की पैसे जातात, मग पिशवीच नको, अशा वाटेने त्या तिथवर पोचल्या. त्यांच्यापैकी कितींना कोणता आजार होता हे कुणाला ठाऊक? एंडोमेट्रिओसिस असेल तर तो मुळात गर्भाशयाबाहेर असतो. नुसती पिशवी काढून तो गेलाच याची खात्री नाही. त्यातून बीजांडंही काढली तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती आणि ठिसूळ हाडं पदरी पडतात. ज्या आयांची पिशवी लवकर काढली आहे, त्यांनी ती का काढली, तेव्हा कोणती गाठ निघाली, चाळिशीच्या आत की नंतर, हे मुलीच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. जुने कागद असतील तर घेऊन जा. मावशीचं, आजीचंही विचारून घ्या.

सोसण्याची ही परंपरा किती खोल आहे, हे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी जगाला दाखवलं. दोन खेड्यांतल्या 650 बायकांना त्यांनी तपासलं आणि 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या बायका मात्र शंभरात जेमतेम आठ होत्या. या बायका बोलत नव्हत्या, कारण विचारणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून पुष्कळ बदललं आहे हे मान्य. 2018 मध्ये राज्याने मुलींसाठी स्वस्त पॅडची अस्मिता योजना आणली, त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी गेला. 15 ते 24 वयाच्या मुली-बायकांमध्ये पाळीत स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचं देशातलं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 57.6 टक्के होतं, ते पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 77.3 टक्क्यांवर आलं. हे मोठंच काम झालं. पण आपण स्वच्छतेबद्दल बोलायला शिकलो आणि तिथेच थांबलो. शाळेत पॅडचं मशीन बसवलं, उद्घाटनाचा फोटो काढला, की पाळीचा विषय संपला असं वाटतं. दुखतं का, किती दुखतं, रक्त किती जातं, हे अजूनही कुणी विचारत नाही. त्याच पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या शंभर मुलींतल्या 59 जणी रक्तक्षयी निघाल्या. आहार हे त्याचं मोठं कारण आहेच. पण दर दीड-दोन तासांनी पॅड भिजतं आणि पाळी आठवडा उलटला तरी थांबत नाही, अशी मुलगी घरात असेल, तर तिला नुसतं बीट-पालक खायला घालून चालणार नाही.

मुलीला बाजूला बसवण्याबद्दलही बोलायलाच हवं. कित्येक घरांत अजून पाणी वेगळं, चटई वेगळी, देवघराकडे फिरकायचं नाही. आजी दुखावतील म्हणून आईला ते मोडवत नाही. माझं मत मी लपवत नाही: हे बंद व्हायला हवं. कारण फार व्यवहारातलं आहे. ज्या गोष्टीमुळे आपला विटाळ होतो असं मुलीला लहानपणापासून दाखवलं, ती गोष्ट ती लपवायलाच शिकणार. डाग लपवील, पॅड लपवील, तसंच दुखणंही लपवील. मग डॉक्टरांनी विचारलं तरी ती खाली मान घालून 'थोडंसं दुखतं' एवढंच म्हणेल. आजींना दुखवायचं नसेल, तर आजींनाच विचारा की तुम्हाला त्या काळी किती त्रास व्हायचा. मी काही घरांत पाहिलं आहे, म्हाताऱ्या बायका अशा वेळी भडाभडा बोलतात. साठ वर्षांत त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

आणि बाबांनो, तुम्ही. हे वाचताना आईकडे मासिक सरकवू नका. मुलगी शाळेतून फोन करते तेव्हा घरी तुम्हीच असाल, दवाखान्याचे पैसे तुम्ही द्याल, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं की नाही हे बहुतेक घरांत अजून तुमच्याच होकारावर ठरतं. ज्या मुलीला बाबांकडे 'पाळी आली आहे, पोट दुखतंय, येताना पॅड आणा' असं सरळ सांगता येतं, तिची निम्मी अडचण तिथेच दूर होते. मुलालाही समोर बसवून सांगा. 2023 च्या मे महिन्यात उल्हासनगरात एका भावाने आपल्या 12 वर्षांच्या बहिणीला मारहाण करून मारून टाकलं. तिच्या कपड्यांवर रक्ताचा डाग दिसला, म्हणून त्याने तिच्यावर भलता संशय घेतला. ती तिची पहिली पाळी होती. तिला काय होतंय ते तिलाच नीट सांगता आलं नाही. हे महाराष्ट्रात, मुंबईजवळच्या शहरात घडलं. मुलग्यांना हे कळायची गरज नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही बातमी एकदा आठवावी.

शाळा म्हणून आमचंही काही चुकतं, आणि ते पालकांनी आम्हाला विचारायला हवं. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकात मासिक पाळीचं चक्र दहावीच्या विज्ञानात सविस्तर येतं. बहुतेक मुलींना पाळी येते बारा-तेराव्या वर्षी, काहींना पाचवी-सहावीतच. म्हणजे धडा येईपर्यंत मुलीने दोन-तीन वर्षं मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर काढलेली असतात. धड्यात अस्तर, संप्रेरकं, 28 दिवस असं सगळं येतं. दुखणं किती झालं म्हणजे डॉक्टरांकडे जायचं हे कुठे येत नाही, आणि परीक्षेला विचारलंही जात नाही. न्यूझीलंडमध्ये 1990 च्या दशकापासून शाळाशाळांत जाऊन मुलींना पाळी आणि एंडोमेट्रिओसिसची माहिती देण्याचा कार्यक्रम चालू आहे. जिथे तो सातत्याने झाला, त्या भागातून कमी वयाच्या मुली तज्ज्ञांकडे येण्याचं प्रमाण वाढलं, असं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. महागडं यंत्र लागलं नाही. वर्गात उभं राहून नीट सांगणारं माणूस लागलं. आणि आपल्याकडे? जुलै 2025 मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून कुणाला पाळी आली आहे ते पाहण्यासाठी मुलींना कपडे काढायला लावल्याचं प्रकरण बाहेर आलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. एक शिक्षिका म्हणून ती बातमी वाचताना माझे हात थरथरत होते.

घरात सुरुवात कशी करावी, असं आया विचारतात. मोठं भाषण नको. मुलगी दहा वर्षांची झाली की, पाळी येण्याच्या आधीच, कपडे घड्या करताना किंवा गाडीवरून जाताना सहज सांगा. पाळी आली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिला स्वतःच्या हाताने खूण करू दे. त्या चौकोनात दुखणं दहापैकी किती, गोळी घेतली का, शाळा बुडली का, एवढं लिहायला लावा. भिंतीवर नको वाटत असेल तर छोटी वही चालेल. तीन महिन्यांच्या नोंदी पुरतात. डॉक्टरांकडे मुलगी घाबरून काही बोलली नाही, तरी ती वही बोलेल. 'किती दुखतं' यापेक्षा 'दुखण्यामुळे काय काय करता येत नाही' हे सांगितलं, तर डॉक्टरांना जास्त नेमकं कळतं. त्यांनी न ऐकताच वाटेला लावलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला संकोच नको. 'एंडोमेट्रिओसिस असू शकेल का?' असं नाव घेऊन विचारलं तर उद्धटपणा होत नाही. पैशांची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाचे सल्ला विभाग आहेत. तिथे समुपदेशक असतात आणि पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतात. आशाताईंना विचारलं तर जवळचं ठिकाण त्या सांगतील.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पालकसभेत पाचवी-सहावीच्या पालकांनी उभं राहून काही गोष्टी मागाव्यात. मुलींना आणि मुलांना पाळीची माहिती याच वर्षी मिळावी, आणि ती द्यायला डॉक्टर किंवा परिचारिका यावी. स्वच्छतागृहाला आतून कडी असावी, पाणी असावं, झाकणाचा डबा असावा. दर महिन्याला गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी वर्गशिक्षिकेने रागवायला नव्हे, चौकशीला फोन करावा. पाळीत त्रास होणाऱ्या मुलीला पडायला एखादी खोली आणि गरम पाण्याची पिशवी मिळावी. मुख्याध्यापक म्हणतील, "असं कुणी मागितलं नव्हतं कधी." त्यांचं खरं आहे. तेव्हा मागणी लेखी द्या, त्यावर चार-पाच पालकांच्या सह्या घ्या, आणि त्यात दोन तरी बाबांच्या असू द्या.